गावातले सार्वजनिक वायफाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ग्रामपंचायतीच्या इमारतीवर, रेल्वेच्या फलाटावर किंवा बाजारपेठेतल्या एखाद्या किराणा दुकानात बसवलेल्या यंत्रामार्फत येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही बिनतारी इंटरनेट मिळण्याची जी सोय असते, तिला सार्वजनिक वायफाय केंद्र किंवा रूढ शब्दात हॉटस्पॉट म्हणतात. या सोयीविषयी लहान गावांत दोन टोकांची मते सुखाने शेजारी नांदतात. फुकटात मिळते तर वापरायला काय हरकत, असे एक मत. आणि त्याला फोन जोडला की बँकेतले पैसे गेलेच म्हणून समजावे, असे दुसरे. दोन्हींच्या मुळाशी घोटाळा एकच आहे. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तो फोन आणि भिंतीवरचा राउटर यांच्यामधला, बहुधा शंभर मीटरांच्या आतला, रेडिओलहरींचा दुवा आहे. राउटरच्या पुढे फायबरची केबल, तालुक्याचे केंद्र, सेवा देणाऱ्या कंपनीचे जाळे आणि शेवटी संबंधित संकेतस्थळाचा सर्व्हर असा जो लांबचा प्रवास असतो, त्याचे गुणदोष या छोट्या दुव्याच्या माथी मारले जातात, आणि दुव्याचे दोष प्रवासाच्या.

पडद्यावर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही काहीच उघडत नाही, ही तक्रार याच घोटाळ्यातून येते. त्या रेघा फक्त राउटरचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतो एवढेच सांगतात. राउटरच्या मागे काय आहे, याचा त्यांना पत्ता नसतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेत सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे ठरले. परंतु फायबर पंचायतीच्या दारात पोचणे आणि ते रोज चालू राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, किंवा लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर चालू राहिला पण फायबरच्या टोकाशी असलेला डबा बंद पडला, तर फोनला वायफाय पूर्ण ताकदीने दिसते आणि नेट मात्र नसते.

मोठा अँटेना लावला की सगळ्या गावाला रेंज मिळेल, हा समजही असाच अर्धवट आहे. वायफायचे संभाषण दुतर्फी असते. राउटरचा आवाज वाढवून तो दूरवर ऐकू जाईलही, पण खिशातल्या फोनच्या इवल्या अँटेनाने दिलेले उत्तर राउटरपर्यंत परत पोचले पाहिजे. ते न पोचल्यास जोडणी दिसते आणि काम होत नाही. शिवाय दगडी भिंती, पत्र्याची छपरे आणि पावसाळ्यातली ओली झाडी या लहरींना चांगलाच अडसर करतात. भारतात २००५ पासून विनापरवाना खुला असलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अशा अडथळ्यांतून त्यातल्या त्यात बरा पार होतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच असल्यामुळे तिथे गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ऐसपैस आणि वेगवान, तर त्याचा पल्ला तोकडा.

वेगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एका मार्गावर एका क्षणी एकच यंत्र बोलू शकते, त्यामुळे वायफायचा कारभार शिस्तीच्या ग्रामसभेसारखा चालतो : एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचे. यात सगळ्यांत जास्त वेळ खातो तो लांब उभा असलेला फोन, कारण क्षीण संदेशामुळे त्याला तीच माहिती हळूहळू पाठवावी लागते. कोपऱ्यावरच्या पारावरून कोणी चित्रपट उतरवून घेऊ लागला की राउटरखाली बसून पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्याचाही वेग घसरतो, तो याचमुळे. लांबच्या वाड्यापाड्यांपर्यंत इंटरनेट नेण्यासाठी वायफाय ताणण्याऐवजी मधला टप्पाच वेगळ्या लहरींनी भरून काढावा लागतो. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात टीव्हीसाठी राखलेल्या परंतु वापराविना पडून असलेल्या लहरीपट्ट्यांतून हाच प्रयोग केला; त्यात गावापर्यंतचा दुवा दूर पल्ल्याच्या लहरींचा आणि गावातला शेवटचा टप्पा नेहमीच्या वायफायचा, अशी वाटणी होती.

सार्वजनिक म्हणजे सरकारी आणि सरकारी म्हणजे फुकट, अशी समजूत पक्की आहे; तिला रेल्वे स्थानकांनी बराच हातभार लावला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी सुरू केलेली वायफाय सेवा पुढे देशभर पसरली, २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेतल्यानंतरही रेलटेलने ती सहा हजारांहून अधिक स्थानकांवर चालवली. पण तिथेही रोजची पहिली तीस मिनिटेच विनामूल्य असतात. गावांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची योजना आहे ती पीएम-वाणी, जिला ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तिची कल्पना जुन्या एसटीडी-पीसीओ बूथवरून घेतलेली आहे. दुकानदाराने ब्रॉडबँडची जोडणी घ्यावी, राउटर बसवावा आणि लहान रकमांच्या पॅकमध्ये इंटरनेट विकावे. अशा दुकानाला सार्वजनिक डेटा कार्यालय म्हणतात, आणि त्यासाठी परवाना, शुल्क किंवा सरकारी नोंदणी यांपैकी काहीही लागत नाही. अनेक दुकानांचा तांत्रिक आणि हिशेबाचा भार उचलणारी समुच्चयक संस्था व ग्राहकाची ओळख पटवणारे ॲप चालवणारी कंपनी यांना मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे पाच-दहा रुपयांचे कूपन विकणारा दुकानदार काही बेकायदा करतो आहे, हा संशय निराधार आहे.

एवढी सोपी योजना असूनही ती अपेक्षेइतकी फोफावली नाही. राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण २०१८ मध्ये २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात पीएम-वाणीखालील केंद्रे २०२५ च्या मध्यालाही काही लाखांतच होती. लोकांना गरज नव्हती, हे स्पष्टीकरण सोयीचे आहे पण अपुरे आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइल डेटा कोसळल्यासारखा स्वस्त झाला हे खरे. तितकेच खरे हे की दुकानदाराला घरगुती दराची जोडणी नाकारून कंपन्या त्याच्या गळ्यात महागडी व्यापारी लीज्ड लाइन बांधत होत्या, आणि त्या भावात पाच रुपयांचे कूपन परवडणे शक्यच नव्हते. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजनांच्या दुपटीहून जास्त दर अशा दुकानांना लावू नये असे ठरवून दिले; हा निर्णय काही वर्षे आधी आला असता तर चित्र वेगळे दिसले असते.

जोडताना मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणे ही पाळत ठेवण्याची युक्ती आहे, असे काहींना वाटते. या अटीचा उगम महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून, त्याच्या नकळत, पाठवला गेल्याचे तपासात दिसून आले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे सक्तीचे केले. एका राउटरमागचे सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात, म्हणून कोणत्या वेळी कोण जोडलेले होते याची नोंद लागते. संदेशांत काय लिहिले होते, याची ती नोंद नव्हे. या अटीतली खरी अडचण भलतीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही : ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे ज्या गावात मोबाइलची रेंजच नाही, म्हणजे जिथे वायफायची गरज सर्वाधिक, तिथे नेमके ते जोडता येत नाही. पीएम-वाणीत एकदा ओळख पटली की दर वेळी ओटीपी लागू नये अशी रचना असल्याने हा त्रास कमी होतो, पण पहिल्या नोंदणीसाठी रेंजच्या जागी जावेच लागते.

आता पैसे चोरीला जाण्याच्या भीतीबद्दल. ही भीती एके काळी रास्त होती. ऑक्टोबर २०१० मध्ये फायरशीप नावाचे साधन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच वायफायवरील दुसऱ्याचे फेसबुक खाते दोन क्लिकमध्ये उघडता येत असे, कारण तेव्हाची बहुतेक संकेतस्थळे लॉगिननंतरची माहिती उघडीच पाठवत. त्यानंतर एचटीटीपीएस, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातली सगळी देवाणघेवाण कूटबद्ध करणारी पद्धत, जवळजवळ सार्वत्रिक झाली. यूपीआयचा पिन तर फोनमध्येच कूटबद्ध होऊन बाहेर पडतो आणि ॲप विशिष्ट सिम व फोनशी बांधलेले असते; हवेतल्या लहरी पकडून तो वाचता येत नाही. गावोगाव ज्यांचे पैसे गेले त्यांचे ते बहुतांशी खोटे फोन, फसव्या लिंका आणि स्वतःहून सांगितलेले ओटीपी यांमुळे गेले, आणि त्यात वायफायचा दोष नव्हता.

उलट ज्या गोष्टींवर निर्धास्त विसंबले जाते, त्या कच्च्या आहेत. भिंतीवर लिहिलेला पासवर्ड परक्यांना बाहेर ठेवतो, आतल्यांना एकमेकांपासून वाचवत नाही. प्रचलित डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो पासवर्ड ठाऊक असलेला माणूस शेजारच्या फोनची जोडणी होतानाची देवाणघेवाण टिपू शकला, तर त्या दुव्यावरचे कूट उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ मध्ये हा दोष दूर झाला आहे. फोन जाळे ओळखतो तो मुख्यतः नावावरून, आणि नाव कोणीही घेऊ शकतो. जत्रेच्या गर्दीत कोणी स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला पंचायतीच्या वायफायचेच नाव दिले, तर पूर्वी बिनपासवर्डाच्या त्या जाळ्याला जोडलेले फोन आपोआप तिकडे वळू शकतात. तिथून समोर येणारे पान ओटीपीखेरीज कार्डाचा क्रमांक किंवा ईमेलचा पासवर्ड मागत असेल, तर ते बंद करावे. पत्त्याशेजारचे कुलूप पाहून धीर येतो, पण ते फक्त वाट बंदिस्त आहे एवढेच सांगते. पलीकडे बसलेला भामटा असला तरी कुलूप दिसतेच, आणि याच गैरसमजापोटी क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले.

दुकानदार व्हॉट्सॲपचे संदेश वाचतो, ही कुजबुजही तपासून पाहण्याजोगी आहे. ते संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतात आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतात, त्यामुळे ते त्याला वाचता येत नाहीत. मात्र कोणते संकेतस्थळ उघडले याचे नाव राउटर चालवणाऱ्याला सहसा दिसू शकते, आणि इन्कॉग्निटो वापरून ते लपत नाही, कारण ती सोय फक्त स्वतःच्या फोनवरचा इतिहास ठेवत नाही. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात नुसते नावही कधी पुरेसे बोलके ठरते. सगळी वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत कूटबद्ध करून वळवणाऱ्या व्हीपीएनने ते दुकानदारापासून झाकले जाते, पण व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला दिसू लागते. फुकट व्हीपीएनच्या बाबतीत हा सौदा बहुधा तोट्याचा असतो.

किरणोत्साराच्या धास्तीवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. राउटरची शक्ती साधारण दशांश वॅटची आणि लहरी अणूंची मोडतोड न करणाऱ्या जातीच्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना २-ब, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’, या गटात घातले, याचा दाखला वारंवार दिला जातो; त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

या सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो राउटरचा स्वतःचा पासवर्ड. वायफायला जोडण्याचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या मांडणीत शिरण्याचा वेगळा. दुसरा बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच, ‘ॲडमिन’ हाच, राहून जातो. तो माहीत असलेला कोणताही ग्राहक संकेतस्थळांचे पत्ते सांगणारा सर्व्हर बदलून सगळ्यांना खोट्या पानांकडे वळवू शकतो. तो पासवर्ड बदलणे, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि जोडलेल्या फोनांना एकमेकांशी बोलू न देणारी ‘क्लायंट आयसोलेशन’ ही सोय चालू करणे ही दुकानदाराची किंवा ग्रामपंचायतीची कामे आहेत. त्यांना पैसा लागत नाही, राउटर बसवणाऱ्याला तिथेच दहा मिनिटे थांबवून घ्यावे लागते.