एक स्टॉप की पाऊण किलो?

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला. '७०-२०० घ्यायचीय, पैसे एकाच लेन्सचे आहेत, एफ २.८ घेऊ की एफ ४?' उभ्या-उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून आज तोच विषय घेतलाय.

आधी आकडे बघू. उदाहरणाला कॅननच्या ईएफ मालिकेतल्या स्टॅबिलायझर असलेल्या दोन लेन्स घेऊ. एफ २.८ची २०१० साली जाहीर झालेली दुसरी आवृत्ती आणि २००६ सालची एफ ४. पहिलीचं वजन १४९० ग्रॅम, दुसरीचं ७६०. फरक ७३० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ पाऊण किलो.

हा फरक येतो कुठून? एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. २०० मिलिमीटरला २.८ने भागलं की ७१ येतात, ४ने भागलं की ५०. ७१ मिलिमीटरचं छिद्र हवं असेल, तर पुढची काच त्याहून लहान असून चालत नाही. काच मोठी झाली की वजन वाढतं, नळी रुंद होते, फिल्टरही ६७ऐवजी ७७ मिलिमीटरचा लागतो. आणि एवढं सगळं करून पदरात काय पडतं? छिद्राचं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून उजेड दुप्पट. फोटोग्राफीच्या भाषेत, एक स्टॉप.

आता हा एक स्टॉप कुठे कामाला येतो ते बघू. नाट्यगृहात लावणीचा कार्यक्रम आहे. आयएसओ ३२०० ठेवलाय आणि एफ ४ला शटर १/१२५ मिळतंय. कलाकाराने गिरकी घेतली की हात, पदर सगळं पुसट. एफ २.८ असती तर त्याच उजेडात १/२५० मिळालं असतं. इथे बरेच जण म्हणतात, 'पण एफ ४ला स्टॅबिलायझर आहे की!' आहे ना. पण तो आपल्या हाताचं थरथरणं सावरतो, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. देवळातला शांत गाभारा टिपायला तो पुरतो, गिरकीला पुरत नाही. आयएसओ ६४०० करून एफ ४वरही १/२५० मिळवता येतं, फक्त फोटोत दाणे वाढतात. ते आपल्याला किती खपतात, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसरा फायदा मागचं धूसर करण्याचा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरला पाच मीटरवरचा चेहरा घेतला, तर एफ २.८ला साधारण दहा सेंटिमीटर खोली नेमक्या फोकसमध्ये येते, एफ ४ला पंधरा. फरक आहे, पण जमीन-अस्मानाचा नाही. तिसरी गोष्ट टेलिकन्व्हर्टरची. दुपटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप खातो. एफ २.८ची ५.६ होते, एफ ४ची थेट ८. जुन्या बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस ५.६च्या पुढे चालत नाही. पक्षी टिपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एवढं ऐकून वाटेल, की मग २.८च घ्यावी. आम्हालाही तसंच वाटलं होतं. ती घेऊन आम्ही वारीत पुण्याहून पंढरपूरच्या वाटेने चालायला निघालो. पहिल्या दिवशी ती गळ्यात होती. सासवडच्या मजलेला दिवे घाट चढताना खांदा बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी लेन्स दिंडीच्या ट्रकमध्ये, सामानात. त्याच दुपारी पाऊस थांबला, ढगातून ऊन पडलं आणि एक म्हातारी माउली डोक्यावरची तुळस सावरत नातवाला हसली. उजेड भरपूर होता, एफ ४ला सहज पुरला असता. लेन्सच जवळ नव्हती! तेव्हा कळलं, की जी लेन्स जवळ नाही तिचं छिद्र कितीही मोठं असो, त्यातून आत येणारा उजेड शून्य.

मग ठरवायचं कसं? आपले मागच्या वर्षातले पाचशे फोटो संगणकावर उघडा आणि प्रत्येकाची माहिती बघा. लांबच्या टोकाला काढलेले किती, त्यातले हालचालीमुळे वाया गेलेले किती, आणि चालून-चालून काढलेले किती? दुकानातला माणूस जे सांगू शकत नाही, ते हे फोटो सांगतील. मग दोन्ही लेन्स एकेक दिवस भाड्याने घ्या, आणि दुकानाच्या दारात नव्हे, तर नेहमीच्या कामावर दिवसभर वापरा. संध्याकाळी खांद्याला विचारा.

आमचं मत विचाराल, तर लग्नं, नाटकं, इनडोअर खेळ यांवर ज्याचं पोट आहे त्याने २.८ घ्यावी, तिथे हुकलेला क्षण पुन्हा मागता येत नाही. गड, वारी, प्रवास ज्याचा आहे त्याने एफ ४ घ्यावी आणि सोबत ८५ मिलिमीटरची एफ १.८ ठेवावी. कॅननच्या ईएफ मालिकेतली ८५ फक्त ४२५ ग्रॅमची आहे. दोन्ही मिळून ११८५ ग्रॅम, म्हणजे एकट्या २.८पेक्षा तीनशे ग्रॅम कमी, आणि अंधारात २.८पेक्षाही स्टॉपभर जास्त उजेड. मात्र त्यासाठी चार पावलं पुढे जावं लागेल, आणि पुढे जाता येत नसेल तिथे हा उपाय चालत नाही.

मिररलेसवाल्यांनी मात्र हिशेब नव्याने मांडावा. कॅननच्याच आरएफ मालिकेतली ७०-२०० एफ २.८ आहे १०७० ग्रॅमची आणि एफ ४ ६९५ ग्रॅमची. पाऊण किलोचा फरक ३७५ ग्रॅमवर आलाय. तिथे वजनापेक्षा किमतीचाच विचार जास्त करावा लागेल.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ. कॅमेरे बरोबर आणले असतील तर तेही काढा, फोटोंची ती माहिती इथेच बघायला सुरुवात करू.