गिअर बॉक्स झिजला : दुरुस्त करावा की बदलावा?

सभासद बंधूंनो,

ऊस विकास विभागाने बेणे, लागण, खत, खोडवा यांवर लिहावे. गिअर बॉक्सवर कशाला, असे कोणी म्हणेल. आमचे शिक्षणही शेतकी पदविकेचे, मोटारीचे नव्हे. पण कन्हान भागात बांधावर फिरताना एक प्रश्न आम्हाला वरचेवर ऐकू येतो : "साहेब, मिस्त्री म्हणतो बॉक्स गेला, बदलून टाका. काय करावं?" कोणाची जीप असते, कोणाचा पिकअप, तर कोणाचा उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर.

हा प्रश्न उसापासून दूरचा नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. भरली ट्रॉली कन्हान नदीच्या अलीकडे उभी राहिली, तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि उसाचा तोटा वेगळा.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या जीपचा आवाज ऐकून एका मिस्त्रीने बॉक्स गेल्याचे सांगितले. आम्ही भंगारातून दुसरा आणून बसविला. गाडी सुरू केली, तर आवाज तोच! दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगचा होता. तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. बाहेरची तपासणी झाल्याशिवाय बॉक्स उघडायचा नाही, आणि उघडून पाहिल्याशिवाय तो बदलायचा नाही.

आत काय असते?

बॉक्समध्ये दांडे, त्यांवरचे दातेरी गिअर, बेअरिंगे, गिअर सरकविणारे फोर्क आणि सिंक्रो रिंगा असतात. सिंक्रो रिंग बहुधा पितळेची असते. गिअर गुंतण्याआधी दोन्ही भागांची गती सारखी करणे हे तिचे काम. ही सोय मोटारीत प्रथम १९२८ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत आली. त्यापूर्वी ड्रायव्हर दोनदा क्लच मारून गिअर टाकीत. जुन्या तीन गिअरच्या विलीज जीपलाही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. अशा जीपचा पहिला गिअर चालत्या गाडीत करकरला तर तो बिघाड समजू नये. गाडी थांबवून गिअर टाकावा.

उघडण्यापूर्वी पाहावयाच्या खुणा

१) गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर बॉक्सच्या पुढच्या दांड्याच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा.

२) रिव्हर्ससह सर्वच गिअर करकरत पडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. आधी क्लचची ओढ तपासावी. एकच गिअर, समजा दुसरा, करकरत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असे समजावे.

३) गिअर आपोआप सुटतो. कारण आतले असू शकते : दबलेली स्प्रिंग, झिजलेला फोर्क, गिअरचे गोल झालेले दाते. पण तुटलेल्या इंजिन माउंटिंगमुळे किंवा सैल लिंकेजमुळेही गिअर सुटतो. ते काम बाहेरच्या बाहेर होते.

४) पहिल्या तीन गिअरांत आवाज येतो व चौथ्यात कमी होतो. बहुतेक जीपवर्गीय गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो, त्यात खालच्या दांड्यावर जोर येत नाही. म्हणून दोष खालच्या दांड्याकडे शोधावा.

५) गिअर जड पडतो. तेल कमी आहे की चुकीचे आहे, हे पाहावे. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दर्जाचेच तेल घालावे. जीएल-४ सांगितले असता 'भारी' म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातील काही रसायने पितळी रिंगांना बाधतात.

तेल बोलते

गाडी थोडी चालवून कोमट तेल पांढऱ्या थाळीत काढा. चुंबकाच्या बोळ्यावर बारीक करडा लेप दिसला तर घाबरू नये, ती नेहमीची झीज आहे. सोनेरी कण दिसले तर सिंक्रो रिंग झिजते आहे. लोखंडाचे टवके किंवा दात्याचा तुकडा निघाला तर गाडी पुढे चालवू नये, बॉक्स उघडावाच. तेल दुधी झाले असेल तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. पाणी वेळीच काढले नाही तर बेअरिंगांना गंज चढतो.

दुरुस्ती की बदल?

बॉक्स उघडला की स्वतः हजर राहा आणि भाग टेबलावर मांडून घ्या. बेअरिंगे, सीले, सिंक्रो रिंगा, स्प्रिंगा, फोर्क एवढेच गेले असेल तर दुरुस्तीच करावी. कवचाला तडा गेला, बेअरिंगचे घर मोठे झाले, मुख्य दांडा पिळला किंवा अनेक गिअरांचे दाते उडाले, तर बदल परवडतो. एक गिअर खराब निघाला तर त्याच्या जोडीचाही नीट पाहावा. जुन्या झिजलेल्या दात्यांवर नवा गिअर बसविला तर तो आवाज करतो आणि लवकर झिजतो.

हिशेब असा मांडावा. समजा नवा बॉक्स १०० रुपयांचा आहे. सुटे भाग आणि मजुरी मिळून ३०-४० होत असतील तर दुरुस्ती करावी. ६०-७० वर गेले तर थांबून विचार करावा, कारण एवढे खर्चूनही कवच व उरलेले गिअर जुनेच राहतात. गाडीचे वयही पाहावे. दोन वर्षांत विकायच्या गाडीत नवा बॉक्स घालणे म्हणजे निघणाऱ्या खोडव्याला लागणीचे खत देण्यासारखे आहे.

बॉक्स उतरविलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे तेल-सील पाहूनच घ्यावे. त्याच मजुरीत ते काम होते.

भंगारातील बॉक्स

स्वस्त पडतो, पण आतून कसा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. घ्यायचाच तर वरचे झाकण उघडून दाते पाहावेत, दांडा हलवून ढिलाई पाहावी, सर्व गिअर टाकून पाहावेत. आपल्या गाडीचेच मॉडेल असावे. दात्यांची संख्या वेगळी असली तर गाडीची ओढ आणि वेग बदलतो. आर. सी. बुकावर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअर बॉक्सचा नसतो. म्हणून पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रिकंडिशन केलेला बॉक्स घेतल्यास कोणते भाग नवीन घातले आणि हमी किती महिन्यांची, हे पावतीवर लिहून घ्यावे.

ट्रॅक्टरधारकांसाठी

बऱ्याच ट्रॅक्टरांना वेगळी चेसिस नसते. गिअर बॉक्सचे कवच हाच त्यांचा कणा. काम निघाले की ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. त्यामुळे येथे सबंध बॉक्स बदलण्यापेक्षा आतले भाग बदलणेच बहुधा सोयीचे पडते. क्लच प्लेटचे काम निघेल तेव्हाच बॉक्सही तपासून घ्यावा.

शेवटी वेळेचे. हंगाम संपला की ट्रॅक्टर झाडाखाली उभा राहतो आणि दसरा आला की पूजेलाच त्याची आठवण होते. मग तोड सुरू झाल्यावर मिस्त्रीकडे रांग लागते आणि घाईत 'बदलून टाका' हाच सल्ला मिळतो. तरी सर्व वाहनधारक सभासदांनी पावसाळ्यापूर्वीच तेल काढून पाहावे, खुणा वहीत लिहून ठेवाव्यात आणि काम बिगरहंगामात उरकावे. उसाला पाणी ताण पडण्याआधी देतो, तीच रीत येथेही पाळावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी