अर्धी जनुके गमावून टिकलेला जीव

उत्क्रांतीत जास्त यशस्वी कोण, आदिकेंद्रकी (पेशीत केंद्रक नसलेले, जसे जीवाणू) जीव की दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेले, जसे वनस्पती आणि प्राणी)? शाळेच्या पुस्तकातल्या पेशींच्या दोन आकृत्या पाहून मुले हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तरादाखल बहुधा आकडे पुढे केले जातात. जीवाणू सुमारे साडेतीनशे कोटी वर्षे पृथ्वीवर आहेत, त्यांतले काही 20 मिनिटांत दुप्पट होतात, म्हणून तेच जिंकले. पण वजन मोजले तर निकाल फिरतो. 2018 साली रॉन मिलो आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीवरच्या सजीवांमधला कार्बन मोजला. एकूण अंदाज 550 अब्ज टनांचा. त्यात जीवाणू 70, सगळे प्राणी मिळून जेमतेम 2, आणि वनस्पती एकट्या 450! आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे वाक्य तर अजूनही मोबाइलवर फिरते. ते 2016 मध्येच मोडीत निघाले. दोन्हींची संख्या जवळपास सारखी आहे, साधारण 38 लाख कोटी आणि 30 लाख कोटी.

यश कशात मोजायचे हे ठरवायला मला वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी दिसत नाही, कारण कुष्ठरोगाच्या जीवाणूशी इथे दीर्घ झुंज दिली गेली. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करत. 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचे, लोकांना समजावायचे आणि घरीच उपचार द्यायचे, ही प्रतिष्ठानाची पद्धत पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने उचलली. भारतातल्या कुष्ठरोग संशोधनाच्या इतिहासात या खेडोपाडी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

ज्या जीवाणूशी ही माणसे झुंजली, तो यशाच्या सगळ्या रूढ कल्पना उलट्या करतो. नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 मध्ये तो पाहिला. तो दुभंगायला बारा ते चौदा दिवस घेतो. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. तामिळनाडूतल्या रुग्णाकडून मिळालेल्या वाणाचा संपूर्ण जनुकसंच 2001 मध्ये वाचला गेला, तेव्हा शास्त्रज्ञ थक्क झाले. त्याच्या नात्यातल्या क्षयाच्या जीवाणूकडे सुमारे चार हजार चालू जनुके. याच्याकडे फक्त सोळाशेच्या आसपास. शिवाय अकराशेहून अधिक जनुके मोडलेल्या अवस्थेत तशीच पडलेली.

खानावळीत डबा लावलेल्या मुलाचा स्टोव्ह हळूहळू निकामी होतो, तसे हे झाले. रोज आयते जेवण मिळत असेल तर स्टोव्हची पिन कोण बदलणार? पण एकदा तो बंद पडला की खानावळ सोडता येत नाही, आणि मोडका स्टोव्ह माळ्यावर पडून राहतो. कुष्ठरोगाचा जीवाणू आपल्या मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत राहतो आणि अन्न तिथूनच घेतो. ज्या जनुकांची गरज उरली नाही, त्यांतला बिघाड नैसर्गिक निवडीने दूर केला नाही. एवढा दुबळा झालेला जीव हजारो वर्षे टिकला. इतकेच नव्हे, अनुरा रंबुक्काना यांच्या गटाने 2013 मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवले, की तो यजमान पेशीची ओळख पुसून तिला मूलपेशीसारखी बनवतो आणि तिच्यातून पसरतो.

आता आपल्या पेशींतली ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका आठवा. तीही एके काळी स्वतंत्र जीवाणू होती. आयव्हन वॉलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हे 1920च्या दशकात सांगितले. कोणी ऐकले नाही. लिन मार्ग्युलिस यांचा याच विषयावरचा लेख डझनभर नियतकालिकांनी नाकारल्यावर 1967 मध्ये छापला गेला. आर्किया नावाच्या वेगळ्या आदिकेंद्रकी गटातल्या एका जीवाच्या आत जीवाणू शिरला, त्याची बहुतेक जनुके नष्ट झाली किंवा यजमानाच्या केंद्रकात गेली, आणि त्यातून दृश्यकेंद्रकी पेशी घडली. माणसाच्या तंतुकणिकेत आज फक्त 37 जनुके उरली आहेत. कार्बनच्या मोजणीत वनस्पतींना जिंकवणारे हरितलवकसुद्धा मुळात जीवाणूच. त्यामुळे दोन पक्षांची शर्यत ही मांडणीच मला चुकीची वाटते. दृश्यकेंद्रकींचे सारे यश आदिकेंद्रकींच्या एकत्र येण्यावर उभे आहे.

तंतुकणिका आणि कुष्ठरोगाचा जीवाणू दोघेही पेशीत शिरले, दोघांनीही जनुके गमावली. एक पेशीला ऊर्जा पुरवू लागला, दुसरा मज्जातंतू बधिर करत राहिला. मात्र या दुसऱ्याचे यश अटींवर टिकून आहे. काही आर्मडिलो आणि ब्रिटनमधल्या लाल खारी सोडल्या तर माणूस हेच त्याचे मुख्य घर. म्हणूनच रुग्णांवर बहुऔषधोपचार, म्हणजे अनेक औषधांचा एकत्रित उपचार, केला की त्याचा प्रसारही रोखता येतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हे उपचार ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाले, त्यांत वर्धा होते.

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर निर्मूलनाचे, म्हणजे रोगाचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आणण्याचे, उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर झाले. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, लपवू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषधे मोफत मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो.