परीक्षणाला नको, तालमीला या

शाळकरी वयात स्टीफन साँडहाइमने मित्रांच्या साथीने एक संगीतिका लिहिली. पेनसिल्व्हेनियातली त्याची शाळा म्हणजे जॉर्ज स्कूल, म्हणून नाटकाचं नाव ‘बाय जॉर्ज’. शाळेत कौतुक झालं आणि मुलाला वाटलं, आता ब्रॉडवे दोन पावलांवर. त्याच्या जवळच्या मित्राचे वडील ऑस्कर हॅमरस्टाइन हे ‘ओक्लाहोमा!’ आणि ‘कॅरोसेल’चे लेखक, अमेरिकी संगीत रंगभूमीवरचं त्या काळातलं सर्वांत मोठं नाव. मुलाने संहिता त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, मला ओळखत नाही असं समजून वाचा.

हॅमरस्टाइन यांनी ते शब्दशः मानलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं की, इतकं वाईट नाटक आपण आजवर वाचलेलं नाही. मुलाचा चेहरा पडला असणारच. पण ते तिथे थांबले नाहीत. तुझ्या अंगात गुण नाहीत असं मी म्हणत नाही, नाटक वाईट का आहे ते जाणून घ्यायचं असेल तर बस, म्हणाले. मग पहिल्या रंगसूचनेपासून सुरुवात करून ओळ न् ओळ, प्रवेशामागून प्रवेश, गाण्यामागून गाणं त्यांनी उलगडून दाखवलं. पात्राची ओळख कशी करून द्यायची, गाण्याला आरंभ-मध्य-शेवट का लागतो, शब्द कुठे वाया गेलेत. लोक आयुष्यभरात शिकत नाहीत तेवढं आपण त्या एका दुपारी शिकलो, असं साँडहाइम पुढे नेहमी सांगत. त्यानंतर हॅमरस्टाइन यांनी त्याला एक अभ्यासक्रमच आखून दिला. चार संगीतिका लिहायच्या: पहिली आवडत्या नाटकावरून, दुसरी ज्यात काहीतरी चुकलंय असं वाटतं त्या नाटकावरून, तिसरी नाटक नसलेल्या कथेवरून आणि चौथी संपूर्ण स्वतःची.

या दुपारची परतफेड साँडहाइमने 1981 मध्ये केली. अमेरिकी नाटककारांची संघटना असलेल्या ड्रॅमॅटिस्ट्स गिल्डच्या मदतीने त्याने न्यूयॉर्कमध्ये कोवळ्या नाटककारांसाठी महोत्सव सुरू केला. अठरा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलामुलींनी लिहायचं आणि ते बसवायचं मात्र व्यावसायिक दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकारांनी. पहिला महोत्सव 1982 मध्ये सर्कल रेपर्टरी या नावाजलेल्या ऑफ-ब्रॉडवे संस्थेच्या रंगमंचावर झाला. त्या वर्षीच्या निवडीत केनेथ लोनर्गन नावाचा एक मुलगा होता. 2017 मध्ये ‘मँचेस्टर बाय द सी’च्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. पण मला या उपक्रमाची नोंद त्या ऑस्करसाठी घ्यावीशी वाटत नाही. ज्यांची निवड झाली नाही, त्यांनाही आपल्या संहितेबद्दल लेखी अभिप्राय मिळे. कुणीतरी जाणत्या माणसाने आपलं लिखाण नीट वाचलं आहे, हे घरबसल्या कळणं सोळाव्या वर्षी किती मोठं असतं, ते ज्यांनी त्या वयात चोरून काही लिहिलंय त्यांना सांगायला नको.

या न्यूयॉर्कच्या महोत्सवाचं मूळ लंडनमध्ये आहे. तिथलं रॉयल कोर्ट थिएटर 1960च्या दशकापासून तरुणांसाठी स्वतंत्र विभाग चालवत आलं होतं. त्या विभागाचे प्रमुख जेराल्ड चॅपमन यांनाच न्यूयॉर्कला बोलावून घेतलं गेलं. रॉयल कोर्टच्या तरुण लेखकांच्या महोत्सवातूनच 1980 मध्ये आंद्रेआ डनबार पुढे आली. ब्रॅडफर्डमधल्या बटरशॉ या कामगार वसाहतीत वाढलेली मुलगी. पंधराव्या वर्षी शाळेच्या नाट्य विषयाच्या गृहपाठासाठी तिने वहीच्या पानांवर हिरव्या बॉलपेनने ‘द आर्बर’ लिहिलं. गरोदर शाळकरी मुलगी, दारुडा बाप, शेजाऱ्यांचा शिवराळपणा, असं सगळं तिच्याच गल्लीतलं होतं. ती पानं दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी तिची भाषा सभ्य केली नाही, तिला वाक्यं लिहून दिली नाहीत. आधी छोट्या रंगमंचावर लहान नाटक म्हणून प्रयोग केला, मग आणखी लिही म्हणून तिच्या मागे लागले आणि त्याच वर्षी वाढवलेलं नाटक मुख्य रंगमंचावर आणलं.

डनबारची गोष्ट इथे संपवली तर ती फार गोड होईल. तिने पुढे आणखी दोनच नाटकं लिहिली, दारूने तिला घेरलं आणि 1990 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. रंगभूमीने तिला लेखिका केलं, पण ती परत त्याच वसाहतीत, त्याच ओढाताणीत राहिली. होतकरू लेखकाला हात देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. पहिल्या प्रयोगाच्या टाळ्यांनंतरही ते माणूस घरीच जातं आणि दुसरं नाटक त्याला तिथेच बसून लिहायचं असतं.

आता प्रत्यक्ष तालमीत काय होतं ते बघू. समजा, एका विद्यार्थ्याने नोकरी गेलेल्या मुलाची एकांकिका लिहिली आहे. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, आई जागी आहे. लेखकाने आईच्या तोंडी आठ वाक्यं घातली आहेत: तू लहान असताना आम्ही कसे दिवस काढले, बाबांनी कधी हार मानली नाही, वगैरे. कॉलेजच्या तालमीत एकोणीस वर्षांची मुलगी केसांना पावडर लावून ही आठही वाक्यं म्हणते, गळा दाटून आणते आणि सगळे म्हणतात, भारी झालं. त्याच जागी तीस वर्षं काम केलेली अभिनेत्री उभी राहिली की ती आधी विचारते, मी या वेळेपर्यंत काय करत होते? जेवण झाकून ठेवलंय का? याची नोकरी गेलीय हे मला आधीच कळलंय का? लेखक गडबडतो, कारण यातलं त्याने काही ठरवलेलं नसतं. ती ताटावरचं झाकण काढते, ‘आमटी गरम करू?’ एवढंच म्हणते आणि बघते. लेखकाच्या लक्षात येतं की आठातली सात वाक्यं आता लागतच नाहीत. ती त्याने स्वतःच्या पेनाने खोडलेली असतात, कुणी खोडायला लावलेली नसतात. सगळा फरक इथे आहे.

म्हणून अशा उपक्रमांत लहान नाटकच घेतात. दोन-तीन पात्रं, एकच स्थळ, अर्ध्या तासाचा ऐवज. अडलेली जागा लगेच दिसते, रात्रीत प्रवेश नव्याने लिहून सकाळी वाचता येतो आणि एका संध्याकाळी तीन-चार लेखकांना रंगमंच मिळतो. दिग्दर्शक आधी प्रश्न विचारतो, उत्तर द्यायची घाई करत नाही. नट वाक्य अडलं तर अडलं म्हणून सांगतो, पण पर्यायी वाक्य सुचवत नाही. अनुभवी माणसाला हे फार जड जातं. चांगली ओळ जिभेवर आलेली असते आणि ती गिळायची असते. पण ती दिली तर मुलगा मान डोलावून लिहून घेतो, आणि त्या क्षणापासून नाटक त्याचं राहत नाही. लेखकाच्या संमतीशिवाय संहितेतला शब्द बदलायचा नाही आणि संहितेची मालकी लेखकाचीच, हे ड्रॅमॅटिस्ट्स गिल्डचं जुनं तत्त्व आहे. सोळा वर्षांच्या लेखकालाही ते तितकंच लागू.

हे वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आपल्या एकांकिका स्पर्धा आल्या असतील. याव्यातच. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिराबाहेरची गर्दी आणि आतला ‘आवाज कुणाचा’चा गजर हा पुण्याच्या पावसाळ्याचा भाग झाला आहे. 2014 पासून ‘लोकसत्ता’ची लोकांकिका आहे. 25 जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालणारी चतुरंगची ‘सवाई’ आहे, जिथे वर्षभरातल्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका एकमेकींसमोर उभ्या राहतात. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ आधी एकांकिका होतं. प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ही आधी एकांकिकाच होती. तिचं दोन अंकी नाटक झालं, ते भद्रकाली या नाट्यसंस्थेने व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. विद्यार्थी वयात नाटकाचं एवढं वेड लावणारी व्यवस्था जगात फार ठिकाणी नसेल. तिचा मला मनापासून अभिमान आहे.

पण या व्यवस्थेत विद्यार्थी लेखक आणि मुरलेले रंगकर्मी भेटतात कुठे? निकालाच्या टेबलाशी. एक परीक्षक, दुसरा स्पर्धक. तासाभरात सादरीकरण, मग गुण, मग माइकवरून चार शब्द. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर खूप वाद झाला. निर्णय बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललं गेलं. मला त्यात एकच गोष्ट खुपली. संहिता कमी पडतात असं जाणत्यांना वाटत होतं, तर त्या मुलांसोबत बसून त्या पुन्हा लिहून घेण्याची सोय कुठे होती? हॅमरस्टाइननीही करंडक नाकारलाच होता. पण पुढची अख्खी दुपार त्यांनी दिली.

माजी विद्यार्थी रात्री तालमींना येऊन बसतात, चहा पाजतात, चुका काढतात, हे खरं आहे. कित्येक एकांकिका त्यांच्यावरच उभ्या राहतात. पण तेही करंडकाच्या ओढीनेच येतात. स्पर्धेच्या तारखेला ‘वर्क’ होईल असं काहीतरी हवं असतं. मग धक्का, कलाटणी, शेवटचा आक्रोश, समूहाच्या हालचाली यांवर भर येतो, कारण गुण तिथे मिळतात. आईने नुसतं ताटावरचं झाकण काढण्याला गुण कोण देणार? शिवाय स्पर्धा संपली की संहिता फायलीत जाते. लेखकाचं परवानगीपत्र आणि परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडलेली ती फाइल पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने मागितली तर बाहेर निघते, नाहीतर नाही.

आपल्याकडे वेगळे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 1985 ते 1994 या काळात पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्यावर नाटककार घडवण्याची योजना राबवली होती. पुढे याच रॉयल कोर्टने मुंबईच्या रेज प्रॉडक्शन्सच्या सोबतीने ‘रायटर्स ब्लॉक’ नावाने नव्या नाटककारांच्या कार्यशाळा घेतल्या. रॉयल कोर्टच्या एलिस डॉजसन यांच्या मार्गदर्शनाखाली लेखकांनी खर्डे लिहायचे, ते सोबत वाचायचे, काही महिन्यांनी पुन्हा नवे खर्डे घेऊन भेटायचं आणि शेवटी महोत्सवात प्रयोग. या दोन्ही योजनांत लेखकाला पुरेसा अवधी दिला होता आणि त्या अवधीत त्याच्याशी बोलणारी माणसं ठेवली होती. मात्र त्या विद्यार्थ्यांसाठी बेतलेल्या नव्हत्या. कॉलेजच्या वयातल्या लेखकाला आजही थेट स्पर्धेतच उतरावं लागतं.

नवी संस्था काढायची गरज नाही. पुरुषोत्तमची पुण्यातली फेरी सप्टेंबरपर्यंत आटोपते आणि सवाई येते जानेवारीत. मधल्या दिवसांत, क्रमांक न बघता, नुसत्या संहिता वाचून चार एकांकिका निवडाव्यात. प्रत्येक लेखकाला एक दिग्दर्शक आणि दोन-तीन व्यावसायिक नट दहा दिवसांसाठी द्यावेत. नटांना मानधन द्यावं आणि लेखकालाही द्यावं, कारण लिहिणं हे काम आहे हे त्याला तेव्हाच कळायला हवं. दहाव्या दिवशी प्रेक्षकांसमोर वाचन करावं, नेपथ्य नको, गुण नकोत. खर्च एका मध्यम स्पर्धेच्या बक्षिसांहून फार जास्त होणार नाही. आणि मालिकेच्या चित्रीकरणातून दहा संध्याकाळी मोकळ्या करायला तयार होतील असे नट-नट्या मराठीत नक्की आहेत. त्यांतले बरेचसे याच स्पर्धांमधून आलेत. त्यांना फक्त परीक्षक म्हणून न बोलावता संहिता घेऊन बसायला बोलावलं पाहिजे.