फुकट फर्स्ट क्लास कुणाला? एका प्रश्नात लपलेले दोन प्रश्न

अमेरिकेतल्या विमानतळांवर गेटजवळ एक स्क्रीन असतो. त्यावर आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक अक्षर अशी एक यादी फिरत असते. कुलकर्णी असतील तर ‘केयूएल’, देशपांडे असतील तर ‘डीईएस’. ही यादी असते फर्स्ट क्लासमधल्या उरलेल्या जागांसाठी थांबलेल्यांची. काही नावांपुढे बरोबरची खूण येते, बाकीचे आपल्या मधल्या सीटवर जाऊन बसतात.

ही यादी पाहिली की रिसर्च करणाऱ्या माणसाच्या डोक्यात प्रश्न येतोच: हे ठरवतं कोण आणि कसं? मीही एकदा असाच प्रश्न घेऊन गाईडकडे गेले होते. ‘एअरलाइन कुणाला अपग्रेड देते?’ असं एका ओळीत लिहून. त्यांनी कागद परत दिला आणि विचारलं, “हा एक प्रश्न आहे की दोन?” तेव्हा मला उत्तर आलं नव्हतं. आज तुमच्यासाठी ते नीट मांडते, कारण सिनॉप्सिस लिहिताना आपल्यापैकी बहुतेकांची पहिली चूक इथेच होते.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९७८ मध्ये अमेरिकेने विमान कंपन्यांच्या भाड्यांवरचं आणि मार्गांवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. स्पर्धा वाढली, भाडी उतरली, आणि गिऱ्हाईक टिकवायचं कसं हा प्रश्न उभा राहिला. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘एअॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली आणली. पुढे नुसत्या माइल्सवर भागेना, म्हणून नेहमीच्या प्रवाशांच्या पायऱ्या आल्या: गोल्ड, प्लॅटिनम वगैरे. वरच्या पायरीवरचं मोठं आमिष म्हणजे रिकाम्या फर्स्ट क्लासमध्ये फुकट बसायला मिळणं.

एक गोष्ट लक्षात घ्या. हे मुख्यतः अमेरिकेच्या देशांतर्गत आणि जवळपासच्या विमानांपुरतं आहे. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या लांबच्या विमानात नुसत्या स्टेटसवर बिझनेस क्लास मिळत नाही. तिथे वर्षाला मोजके मिळणारे पॉइंट किंवा सर्टिफिकेट खर्च करावे लागतात. म्हणजे अभ्यासाची व्याप्ती ठरवताना ‘एअरलाइन’ एवढं लिहून चालत नाही. कुठली कंपनी, कुठला मार्ग, कुठल्या प्रकारचं अपग्रेड, हे लिहावंच लागतं.

आता ते दोन प्रश्न:

१. या विमानात किती जागा फुकट सोडायच्या?
२. सोडलेल्या जागा कुणाला द्यायच्या?

लोकांची चर्चा सगळी दुसऱ्यावर असते. खरं डोकं लागतं ते पहिल्याला.

पहिला प्रश्न: किती जागा?

विमानातली सीट हा नाशवंत माल आहे. दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. संध्याकाळी भाजीवाली उरलेली मेथी स्वस्तात काढते, तसंच. पण दुपारी तीनलाच काढली तर? पाच वाजता पूर्ण भाव देणारं गिऱ्हाईक आलं तर नुकसान तिचंच. ‘किती राखून ठेवायचं’ हा हिशोब बीओएसी या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी १९७२ मध्ये सूत्रात मांडला. नियम साधा आहे: आत्ता मिळणारी छोटी रक्कम, ही नंतरच्या मोठ्या रकमेला ती मिळण्याच्या शक्यतेने गुणून येणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त असेल तरच सीट आत्ता द्या. पुढे पीटर बेलोबाबा यांनी १९८७ च्या एमआयटीतल्या प्रबंधात हाच विचार अनेक भाड्यांपर्यंत नेला. (हो, पीएचडीचा प्रबंध! उदास वाटेल तेव्हा हे आठवा.)

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. फर्स्ट क्लासचं पूर्ण भाडं ६०० डॉलर. चार जागा शिल्लक. उड्डाणाला चार दिवस आहेत. अजून किमान एक पूर्ण भाड्याचा प्रवासी येण्याची शक्यता ९० टक्के, किमान दोन येण्याची ६०, किमान तीन येण्याची २५ आणि चार येण्याची ८ टक्के. मग राखून ठेवण्याचं मोल असं:

- पहिली जागा: ५४० डॉलर
- दुसरी: ३६०
- तिसरी: १५०
- चौथी: ४८

आता समजा, फुकट अपग्रेड देण्याचा कंपनीला होणारा फायदा ६० डॉलर आहे. यात दोन गोष्टी आल्या. प्रवासी पुढे गेला की मागे इकॉनॉमीतली एक सीट मोकळी होते, ती विकता येते. आणि तो प्रवासी खूश होऊन पुढच्या वेळीही याच कंपनीचं तिकीट काढतो. ४८ पेक्षा ६० जास्त, म्हणून चौथी जागा आजच सोडली तरी चालेल. बाकी तीन राखायच्या.

उड्डाणाला एक दिवस राहिला, तेव्हा याच शक्यता ५०, १५, ४ आणि १ टक्क्यावर आल्या असं धरा. चौथीही अजून दिलेली नाही असं समजू. मोल होतं ३०० , ९०, २४ आणि ६. आता तिसरी आणि चौथी दोन्ही फुकट सोडता येतात. म्हणूनच अपग्रेड जसजसं उड्डाण जवळ येतं तसतशी ‘क्लिअर’ होतात. यात कुणाची मेहरबानी नाही, शक्यता घसरत असतात एवढंच.

इथे एक तिसरा खेळाडू येतो. मोबाइलवर मेसेज येतो: १२० डॉलर भरा आणि पुढे बसा. एक दिवस आधीच्या गणितात दुसऱ्या जागेचं मोल ९० आहे. म्हणजे ती १२० ला विकायला हरकत नाही, पण ६० च्या फायद्यासाठी फुकट द्यायची नाही. तिसऱ्या-चौथ्या जागेलाही १२० देणारा मिळण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त वाटली, तर फुकट देणं पुढे ढकललं जातं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नेहमीच्या प्रवाशांची ‘आता अपग्रेड मिळतच नाही’ अशी तक्रार वाढली, त्याचं मोठं कारण हे. डेल्टासारख्या कंपनीत एकेकाळी पुढच्या जागांपैकी बहुतांश फुकट जायच्या, आज बहुतांश विकल्या जातात. प्रवाशांच्या रांगेचा नियम तसाच राहिला तरी रांगेच्या टोकाला मिळणारा मालच आटला.

भाजीवालीच्या उदाहरणाची मर्यादाही इथे दिसते. रोज सातला भाव पडतो हे कळलं की गिऱ्हाईक पाचला येतच नाही. ‘फुकट मिळेलच’ ही खात्री झाली की वरच्या पायरीवरचा प्रवासी फर्स्ट क्लासचं तिकीट विकत घेत नाही. म्हणजे उदार होण्याचीही किंमत असते आणि ती सूत्रातल्या त्या ६० मधून वजा व्हायला हवी.

दुसरा प्रश्न: कुणाला?

इथे बहुतेकांना वाटतं की कंपनी प्रत्येक प्रवाशाला गुण देते: स्टेटसला इतके, भाड्याला इतके, बेरीज जास्त त्याला सीट. मीही तसंच धरून मॉडेल बांधलं होतं आणि ते चुकलं. कारण नियम बेरजेचा नाही, पायऱ्यांचा आहे. सीईटीच्या मेरिट लिस्टमध्ये दोघांचे गुण सारखे आले की आधी एका विषयाचे गुण बघतात, तिथेही बरोबरी झाली तर पुढच्या विषयाचे. खालच्या विषयात कितीही गुण असले तरी ते वरची तफावत भरून काढत नाहीत. याला कोशक्रम म्हणतात, शब्दकोशात शब्द लावतात तसा.

अमेरिकन एअरलाइन्सचा जाहीर क्रम बघा: आधी स्टेटसची पायरी, अपग्रेडचा प्रकार, मग गेल्या बारा महिन्यांतले लॉयल्टी पॉइंट, मग तिकिटाचा भाडेवर्ग, शेवटी विनंतीची वेळ. डेल्टातही आधी स्टेटसची पायरीच, पण लगेच त्यानंतर तिकिटाचा भाडेवर्ग. कंपनीचं महागडं क्रेडिट कार्ड, ऑफिसच्या करारावरचा प्रवास अशा पायऱ्या नंतर येतात. फरक बारीक वाटतो, पण अर्थ मोठा आहे. एक कंपनी विचारते, ‘वर्षभरात आमच्याशी किती व्यवहार केलास?’ दुसरी विचारते, ‘आजच्या तिकिटाला किती मोजलेस?’

शिवाय खिडकी उघडायची वेळही पायरीनुसार वेगळी. अमेरिकनमध्ये एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमसाठी उड्डाणाच्या १०० तास आधी, प्लॅटिनम प्रोसाठी ७२, प्लॅटिनमसाठी ४८ आणि गोल्डसाठी २४. म्हणजे पहिला आणि दुसरा प्रश्न इथे एकमेकांना भेटतात. १०० तासांपूर्वी कंपनीने जागा सोडली नाही तर वरच्या पायरीचा प्रवासीही गेटवरच्या स्क्रीनपर्यंत ताटकळतो.

सूट घालून गेलं, हनिमूनचं सांगितलं की पुढे बसवतात, ही समजूत मात्र सोडून द्या. इकॉनॉमीत जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील तर काहींना पुढे हलवावं लागतं, पण तेव्हाही क्रम बहुधा यादीतूनच येतो.

मग संशोधन कुठे आहे?

नियम तर वेबसाइटवर छापलेला आहे. सूत्र १९७२ चं आहे. मग तुमच्या-माझ्यासाठी उरलं काय? उरला तो ६० डॉलरचा आकडा. फुकट बसवलेला प्रवासी त्यामुळे पुढे किती जास्त खर्च करतो? हे थेट कुणालाच दिसत नाही.

सोपी वाट दिसते ती फसवी आहे. अपग्रेड मिळालेले आणि न मिळालेले यांचा पुढच्या वर्षीचा खर्च तुलनेला घेतला, तर मिळालेले जास्त खर्च करतात असंच दिसणार. पण ते आधीपासूनच जास्त खर्च करत होते, म्हणून तर यादीत वर होते!

मग आपण हुशारी करतो: उंबरठ्याजवळची तुलना, म्हणजे रिग्रेशन डिसकंटिन्युइटी. एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमला २,००,००० लॉयल्टी पॉइंट लागतात. १,९९,००० वाले आणि २,०१,००० वाले जवळजवळ सारखेच, नाही का? नाही. जानेवारी-फेब्रुवारीत अॅप उघडून आकडा बघणारे आणि नुसत्या पॉइंटसाठी एखादी फेरी मारून येणारे लोक असतात. उंबरठा माहीत आहे आणि तो ओलांडणं हातात आहे, म्हणजे अलीकडचे आणि पलीकडचे सारखे राहिले नाहीत. २००८ मध्ये मॅक्क्रेरी यांनी सुचवलेली घनतेची चाचणी नेमकं हेच तपासते: उंबरठ्याच्या लगेच पुढे माणसांची गर्दी अचानक वाढते का?

मला जास्त आश्वासक वाटते ती दुसरी रेषा. प्रत्येक विमानाच्या यादीत शेवटचा क्लिअर झालेला आणि त्याच्या लगेच खालचा, दोघेही एकाच पायरीवरचे. त्या दिवशी किती जागा उरतील हे यातल्या कुणाच्याच हातात नसतं. तिसऱ्याच कुणीतरी शेवटच्या क्षणी तिकीट काढलं किंवा रद्द केलं, त्यावर ही रेषा सरकते. तुलना इथे करायला हवी.

यालाही त्रुटी आहेत. यादीतला आपला नंबर अॅपवर दिसत असल्याने घाबरून पैसे भरणारे असतात. गेटवरच्या यादीत फक्त उरलेलेच दिसतात, चार दिवस आधी क्लिअर झालेले तिथे नसतात. एकाच बुकिंगवर दोघे असतील आणि एकच जागा उरली, तर त्यांना ओलांडून यादी पुढे जाऊ शकते. आणि स्क्रीनचे फोटो काढून डेटा जमवायचा विचार असेल तर थांबा. आडनावाची तीन अक्षरंही माणसाची ओळख असतात. आधी एथिक्स कमिटी, मग कॅमेरा.

आता तुमचा स्वतःचा विषय घ्या. हॉस्टेलच्या जागा, फेलोशिप, रेल्वेचं वेटिंग, काहीही. ‘कोणाला मिळतं?’ या प्रश्नाच्या आधी ‘किती सोडतात आणि कोण ठरवतं?’ हे लिहा. मग बघा, क्रम बेरजेचा आहे की पायऱ्यांचा. शेवटी विचारा की उंबरठा कुणाच्या हातात आहे. ही तीन उत्तरं अर्ध्या पानात आली की मगच सिनॉप्सिस घेऊन गाईडच्या केबिनचं दार वाजवा. माझा कागद परत आला तेव्हा यातलं एकही उत्तर त्यात नव्हतं.