कोंडा गुरांना, इसबगोल आपल्याला!

मंडळी, जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारगावच्या औषधाच्या दुकानात घटकाभर उभे राहून बघा. आर्वी घ्या, पुलगाव घ्या, नाहीतर समुद्रपूर. तापाच्या गोळ्यांच्या जोडीला काय काय मागितले जाते? पोट साफ करायचे चूर्ण, पित्ताची गोळी, गॅसची पुडी आणि इसबगोलाचा डबा. मागणारे काही शहरातले बैठ्या कामाचे बाबू नसतात. सकाळपासून वावरात राबणारा शेतकरीही त्यात असतो आणि निंदणाला जाणारी बाईही.

आता हे इसबगोल म्हणजे काय, तर एका बारीक बीचे फोलपट. गुजरात-राजस्थानात त्याचे पीक होते. हे फोलपट आतड्यात पाणी धरून ठेवते, त्याने मळ मऊ होतो आणि पुढे सरकतो. एवढेच त्याचे काम. आणि आपण घरी काय करतो? गहू दळून आणला की पीठ बारीक चाळणीने चाळतो, पोळी पांढरी व्हावी म्हणून. चाळणीत उरलेला कोंडा गाईच्या टोपल्यात जातो. म्हणजे आपल्याच धान्याचे फोलपट गुरांना घालायचे आणि दुसऱ्या बीचे फोलपट पैसे मोजून विकत आणायचे! गाईचे पोट साफ राहते, मालक मात्र सकाळी अर्धा-अर्धा तास बसून असतो.

या कोंड्याला शास्त्रात तंतू म्हणजे चोथा म्हणतात. तो पचत नाही, म्हणून पूर्वी लोकांना तो बिनकामाचा वाटे. पण न पचण्यातच त्याचा उपयोग आहे. तो पाणी शोषून मळाला आकार देतो, आतड्याला सरकवायला काहीतरी देतो. काही चोथ्यावर मोठ्या आतड्यातले उपकारक जंतू जगतात आणि त्यातून तयार होणारे पदार्थ आतड्याच्या अस्तराला पोसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा असतो, न चाळलेल्या गव्हाच्या पिठात सुमारे 11 ग्रॅम. पांढऱ्या तांदळात मात्र तीन ग्रॅमही भरत नाही, आणि मैद्याची गतही तीच. साधारण माणसाला दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास चोथा लागतो. हिशेब तुम्हीच करा. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी चौकात आलूबोंडा आणि रात्री पुन्हा भात किंवा चाळलेल्या पिठाची पोळी. यात पोट साफ होणार कसे?

आपल्या भागात हे पूर्वी असे नव्हते. ज्वारीची भाकर, चून, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे गरिबाचे जेवण होते. सकाळी कण्या किंवा आंबील. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, कुंजर, घोळ. चोथा म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हते, पण तो ताटात भरपूर होता. मग ज्वारीचे पेरे आटत गेले. त्याला कारणेही तशीच आहेत, उगाच शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाखरांची राखण करायला माणूस मिळत नाही, रानडुकरे उभे पीक लोळवतात, परतीच्या पावसात कणसे काळी पडतात आणि भावही धड मिळत नाही. सोयाबीन दिवाळीच्या आत हातात पैसा देते. त्यामुळे वावरातून ज्वारी गेली आणि मागोमाग ताटातूनही गेली.

मगनवाडीतले सोयाबीन

या सोयाबीनचीही एक गोष्ट वर्ध्यातच घडलेली आहे. 1934 च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले, चिटणीस होते अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा. आपण ग्रामोद्योग म्हटले की घाणी आणि हातकागद आठवतो. पण तिथे सुरुवातीला मोठा खल चालला तो खाण्यावर. तांदूळ हाताने सडलेला बरा की गिरणीत घासून पांढरा केलेला, यावर गांधीजींनी डॉक्टरांची मते मागवली. जात्यावरचे पीठ, गूळ, हिरवा पाला यांवर ते 'हरिजन'मधून लिहीत होते. आणि 1935 मध्ये मगनवाडीच्या मंडळींना चक्क सोयाबीन शिजवून खायला घातले जात होते! तेव्हा ते खाण्याचे धान्य म्हणून तपासले गेले. आज त्याने जिल्ह्याची वावरे भरली आहेत, पण ते जाते तेलाच्या कारखान्यात आणि त्याची पेंड कोंबड्यांना. घरच्या ताटात क्वचितच येते.

पुढे 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींनी आरोग्यावर छोटे पुस्तक लिहायला घेतले. धान्य जात्यावर दळा आणि पीठ चाळू नका, असे त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गांधीजींचे खाण्याचे सगळेच प्रयोग जमले असे नाही. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात ते मुख्यतः शेंगदाणे आणि लिंबावर राहत होते. सणाच्या दिवशी गोड लापशी पोटभर खाल्ली आणि जबरदस्त आव पडली, अगदी मरणाच्या दारापर्यंत गेले. त्यानंतर गुदद्वाराला चिरा पडल्या, मुंबईला डॉ. दलालांकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचे दूध सुरू करावे लागले. हे सगळे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. म्हणून कुणी एकच पदार्थ धरून बसायला सांगितले, मग तो कितीही मोठा माणूस असो, तर सावध असावे.

चोथ्याचा मुद्दा मात्र पुढे खरा ठरला. युगांडात वीस वर्षे काम केलेले डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन होते. तिथल्या खेड्यांतले लोक भरड अन्न खातात आणि त्यांच्यात बद्धकोष्ठता, आंत्रपुच्छाची सूज, मूळव्याध फार कमी दिसते, हे त्यांनी 1970 च्या दशकात जगापुढे मांडले. त्यांच्या काही बाबी नंतर तपासात टिकल्या नाहीत, पण भरड धान्याने शौचाची तक्रार कमी होते हे आता सर्वमान्य आहे.

ताटाबाहेरची कारणे

खाणे सुधारले तरी काहींची तक्रार राहते, कारण दोष ताटाबाहेर असतो. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बघा. सकाळी काळा चहा घेऊन निघायचे, दुपारपर्यंत पोटात काही नाही. वावरात आडोसा नाही, म्हणून पाणीही मुद्दाम कमी प्यायचे. लागले तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरायचे. मळ आतड्यात जितका वेळ थांबतो तितके त्यातले पाणी आतडे शोषून घेते आणि तो खड्यासारखा घट्ट होतो. अशा बाईला ज्वारीची भाकर देऊन काय होणार? उलट पाणी न पिता कोंडा वाढवला तर पोट जास्तच फुगते. घरी संडास बांधला पण वावरातला प्रश्न तसाच आहे. मजूर लावणाऱ्या शेतमालकाने धुऱ्यावर चार बल्ल्या रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा केला आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवले, तर खर्च किती येतो?

दुसरे खर्ऱ्याचे. भूक लागली की खर्रा तोंडात टाकायचा आणि जेवणाची वेळ मारून न्यायची, ही सवय शाळकरी पोरांपर्यंत पोचली आहे. तंबाखूने छातीतली जळजळ वाढते. सुपारीने गालाची आतली कातडी आखडते आणि एक दिवस तोंड दोन बोटेही उघडत नाही. तिखट लागत नाही, भाकर चावत नाही, मग उरतो तो भात आणि चहात बुडवलेला टोस्ट.

तिसरे गोळ्यांचे. पंप पाठीवर घेऊन फवारणी केली की अंग दुखते. किराणा दुकानातून दुखण्याची गोळी आणून उपाशीपोटी घेतली जाते. पोटात जखम होण्याची मोठी कारणे दोन, या दुखण्याच्या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू. हा जंतू ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरेन या डॉक्टरांनी 1982 मध्ये शोधला, 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याआधी सारा दोष तिखटाला आणि चिंतेला दिला जाई. तिखटाने जळजळ होते हे खरे, पण जखमेचे खापर एकट्या ठेच्यावर फोडू नका. जंतू असेल तर औषधाचा ठरावीक कोर्स घ्यावा लागतो, पित्ताच्या गोळीने तो जात नाही.

सरपंच, ग्रामसेवकांसाठी

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्याबरोबर 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी, तर सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. खिचडीत ती भाजी खरोखर पडते का, हे जाऊन बघायला ठराव लागत नाही. शाळेला पाणी आणि कुंपण असेल तर पालक, मेथी, अंबाडी, शेवगा परसबागेत सहज होतो. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत सह्यांपलीकडे हा विषय एकदा तरी घ्या. रेशनचा गहू तर अख्खाच मिळतो. तो दळून न चाळता वापरला की निम्मे काम झाले. बायाबापड्यांना हे आशाताई सांगू शकतात, पण सासूबाईंना पांढरी पोळी लागते हा खरा अडसर आहे, तो घरातल्या पुरुषांनी दूर करावा.

बदल एकदम करू नका. आज चाळणी टांगली आणि उद्या पाच भाकरी खाल्ल्या तर गॅस होईल आणि तुम्ही आम्हाला नावे ठेवाल. आठवडाभर निम्मे पीठ चाळलेले, निम्मे तसेच, असे करत जा. अर्ध्या एकरात, निदान धुऱ्याच्या आत चार तासे घरच्यापुरती ज्वारी लावता आली तर उत्तम. वरण घट्ट करा. भाजी वाटीभर नको, दोन वाट्या घ्या. बांधावरची भाजी जरूर खुडा, पण जिथे तणनाशक फवारले आहे तिथली नको. पाणी एरवी दिवसाला आठ-दहा पेले, उन्हाळ्यात वावरात त्याहून पुष्कळ जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर चोथा आणि पाणी किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रात्री नऊ-दहाला टीव्हीपुढे पोटभर जेवून लगेच आडवे होणे सोडा. जळजळ असणाऱ्याने तर जेवणानंतर दोन-तीन तास पाठ टेकू नये. रोजचे चूर्ण एकाएकी बंद करायची भीती वाटत असेल तर आरोग्य केंद्रात विचारून हळूहळू कमी करा.

हे सगळे साध्या तक्रारीसाठी झाले. शौचातून रक्त जात असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही काळे होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या), वजन उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची नेहमीची सवय अचानक बदलली असेल, तर मूळव्याधच असेल असे धरून जडीबुटीवाल्याकडे किंवा बाजारातल्या 'एका इंजेक्शनात मोड गायब' करणाऱ्याकडे जाऊ नका. आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होतो, आणि लवकर सापडला तर बरा होऊ शकतो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून चिठ्ठी घेऊन जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. जाताना सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि चूर्णाची डबीसुद्धा सोबत न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.