भाडे थकले म्हणजे घर गेले असे नव्हे

भाडे वेळेवर गेले नाही की आपल्या घरात दोनच गोष्टी घडतात. एक तर मालकाच्या माणसाला टाळणे सुरू होते, नाहीतर दारातच त्याच्याशी हमरीतुमरी होते. दोन्हींतून नुकसान आपलेच. टाळणारा भाडेकरू लबाड ठरतो आणि भांडणारा गुंड ठरतो. कोर्टात मात्र या दोन्ही गोष्टींना काडीचे महत्त्व नाही. तिथे विचारतात ते एवढेच: किती महिन्यांचे थकले, नोटीस कधी मिळाली, आणि पैसे देऊ केल्याचा पुरावा काय?

हा लेख जुन्या चाळीतल्या पावतीच्या भाडेकरूंसाठी आहे. अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येतो. चाळीचे भाडे थोडे असते, पण जागेची किंमत लाखांत असते. म्हणून काही ठिकाणी मालकालाच भाडे नको असते! मेहताजी महिन्याच्या महिन्याला येत नाही, आपण गेलो तर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, पावतीपुस्तक संपले म्हणतो. भाडेकरूलाही ते बरे वाटते, कारण तेवढे पैसे घरात राहतात. मग वर्षभराने वकिलाची नोटीस येते की तुम्ही बारा महिने भाडे थकवले, खोली खाली करा. आणि खोली गेली की दुसरी शोधताना आडनाव विचारतात, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आमच्या वस्तीतील एका ताईंची हकिकत सांगतो. नाव देत नाही. यजमान वारले, मुलगी कॉलेजात, स्वतः एका कँटीनमध्ये पोळ्या लाटतात. दहा बाय बाराची खोली, भाडे महिना ६०० रुपये, पावती अजून यजमानांच्याच नावाची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कँटीन बंद पडले. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी घरमालकांना सांगितले होते की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका. पुष्कळांनी त्याचा अर्थ भाडेमाफी असा घेतला. तो तसा नव्हता. मुदत मिळाली होती, रक्कम अंगावर राहिलीच होती. ताईंचेही एप्रिलपासूनचे भाडे राहिले. जानेवारी २०२१ मध्ये काम थोडे सुरू झाल्यावर त्या एका महिन्याचे ६०० रुपये घेऊन गेल्या, तर मेहताजी म्हणाला, "बाई, सगळे एकदम आणा, नाहीतर चावी द्या." ८ फेब्रुवारीला नोटीस आली. दहा महिन्यांचे ६,००० आणि उशिराबद्दल दंड ५,०००, एकूण ११,००० रुपये.

ताईंनी ती नोटीस तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिली आणि बावीस दिवस कोणाला सांगितले नाही. मुलीच्या हाती लागली तेव्हा ती माझ्याकडे घेऊन आली. ताई मागे उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, सामान कुठे न्यायचं तेवढं सांगा." मी आधी पाकीट मागितले. त्यावर पोस्टाचा शिक्का होता. नोटिशीचे पाकीट कधीही फेकू नका. दिवस मोजायला तेच कामी येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याच्या कलम १५ मध्ये दोन मुदती आहेत आणि दोन्ही आपल्या लोकांना ठाऊक नसतात. पहिली अशी की थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूच्या हाती पडल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत मालकाला त्या कारणावरून खोलीसाठी दावाच लावता येत नाही. जुन्या १९४७ च्या कायद्यात ही मुदत एकच महिना होती. दुसरी मुदत दावा लागल्यावरची. कोर्टाचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी, मान्य वाढ आणि त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज कोर्टात भरले, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून खोली खाली करण्याचा हुकूम होत नाही. मात्र यातील "नियमित" हा शब्द फार कडक आहे. पहिल्या दिवशी सगळे भरून मग चार महिने विसरलेला माणूस हातची केस घालवून बसतो.

म्हणजे ताईंच्या हातात त्या दिवशी अजून अडुसष्ट दिवस होते. सामान बांधायचे काहीच कारण नव्हते.

मी पेशाने कारकून, त्यामुळे कागद घेऊन हिशेबच मांडला. फेब्रुवारी धरून अकरा महिने, ६०० प्रमाणे ६,६००. प्रकरण कोर्टात गेलेच असते तर व्याज किती? ६०० रुपयांवर १५ टक्क्यांनी महिन्याला साडेसात रुपये. मार्चअखेर पहिला महिना अकरा महिने उशिराचा, दुसरा दहा, असे शेवटपर्यंत धरले तर एकंदर सहासष्ट महिने, म्हणजे ४९५ रुपये. कायदा जिथे ४९५ रुपये व्याज लावतो तिथे नोटिशीत ५,००० चा दंड! हा आकडा पाहून ताई पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

मग पत्र लिहिले. त्यात रागाचे एकही वाक्य ठेवले नाही. मी अमुक खोलीची भाडेकरू, माझे यजमान वारले तेव्हा मी त्यांच्याबरोबर याच खोलीत राहत होते, जानेवारीत भाडे देऊ केले ते घेतले नाही, थकबाकी ६,६०० रुपये मला मान्य आहे, ती नव्वद दिवसांच्या आत देत आहे, दंड मान्य नाही, मिळालेल्या रकमेची पावती द्यावी. एवढेच. एक प्रत मालकाला, एक त्याच्या वकिलाला, पोचपावतीसह पोस्टाने. पैसे बचत गटाने दिले, ४,००० रुपये, आणि तेही एका बैठकीत. आमच्या पुरुष मंडळींनी त्याच संध्याकाळी "मोर्चा नेऊ" असा ठराव केला होता हेही नमूद करतो.

मोर्चा नेला नाही. मी, ताई आणि चाळीतील एक वडीलधारे गृहस्थ असे तिघे मालकाकडे गेलो. म्हातारा माणूस, पालिकेच्या कराचे बिल समोर घेऊन बसलेला. त्याचीही अडचण खरी होती. अर्ध्या चाळीने वर्षभर भाडे दिले नव्हते आणि कर थांबत नाही. हिशेबाचा कागद त्याने दोनदा वाचला. दंडाचा विषय त्याने स्वतःच सोडला, पण "माझे काहीच नाही का?" असे म्हणाला. ताई म्हणाल्या, "पाचशे देते काका, पण पावती पाहिजे." ४,००० त्याच दिवशी दिले. १० एप्रिलला उरलेले २,६००, मार्चचे ६०० आणि ते पाचशे मिळून ३,७०० दिले. प्रत्येक रकमेची पावती, कोणत्या महिन्याचे भाडे ते लिहून घेतले. चारच दिवसांनी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले आणि कँटीन पुन्हा बंद झाले. तोवर खोलीवर एक पैसा बाकी नव्हता.

असे समंजस मालक सगळीकडे नसतात हे मला ठाऊक आहे. पाणी तोडणारे, वीज तोडणारे आहेत. कलम २९ प्रमाणे भाडे थकले तरी मालकाला परस्पर पाणी, वीज, संडास बंद करता येत नाही. त्याविरुद्ध कोर्टात अर्ज करता येतो. कलम ३१ प्रमाणे घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बळजबरीने बाहेर काढून कुलूप लावले तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. सहा महिने गेले की हा सोपा रस्ता बंद होतो. मालक भाडे घेतच नसेल तर पूर्वी लोक मनीऑर्डर करीत आणि "नाकारले" असा शेरा असलेला कागद जपून ठेवीत. आता बँक खात्यात किंवा मोबाईलवरून पाठवावे, महिन्याचे नाव लिहावे आणि नोंदीचा कागद काढून ठेवावा. मोबाईल हरवतो, कागद ट्रंकेत राहतो.

वकिलाच्या फीला घाबरून पुष्कळजण गप्प बसतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्धांचा समावेश त्या यादीत १९९० साली झाला, तेव्हा जातीचा दाखला बरोबर न्या. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचे कार्यालय असते, दूरध्वनी १५१००. दावा लागण्याआधीही तडजोडीसाठी लोकअदालतीत जाता येते आणि तिथे झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का.

आता अकरा महिन्यांचे करार. कल्याण-बदलापूरकडे राहायला गेलेली आपली तरुण कुटुंबे याच पद्धतीने राहतात. हे कागद "लिव्ह अँड लायसन्स"चे, म्हणजे परवान्याचे. वर सांगितलेल्या नव्वद दिवसांच्या मुदती त्यांना नाहीत. मुदत संपूनही खोली सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. म्हणून इथे भाडे थकण्याआधीच मालकाला लेखी कळवावे, डिपॉझिटमधून वळते करायचे ठरले तर तेही लिहून घ्यावे. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदलेला करारच नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरतात, ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते.

ताईंच्या पावतीवर नाव मात्र अजून यजमानांचेच येते. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांना भाडेकरूचा हक्क कायद्याने आहे, तरी मालक नाव बदलायला टाळाटाळ करतो. त्यासाठी ताईंनी या वेळी अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. पोच आली आहे, उत्तर यायचे आहे.